बँडवरची जागा

"फ्रिक्वेन्सी मोकळी आहे का? कुणी बोलतंय का?"

बाबांनी माइकवर विचारलं, थांबले, पुन्हा विचारलं. कुणाचंच उत्तर आलं नाही, तेव्हा कुठे त्यांनी आपलं कॉल-साइन, परवान्यावरची खूण, दिलं.

रविवारची सकाळ होती. भिवंडीजवळच्या कोन गावातल्या आमच्या घराची पडवी, टेबलावर बाबांनी स्वतः बांधलेला व्हॉल्व्हचा रेडिओ सेट, बाहेर आंब्यापासून टाकीपर्यंत ताणलेली अँटेनाची तार. माझे वडील केसरीनाथ टेमघरला पाण्याच्या पंपावर ड्युटी करत. आठवडाभर मोटारीची घरघर ऐकायची आणि रविवारी अर्धा तास हॅम रेडिओवर, म्हणजे परवाना घेऊन हौसेनं चालवायच्या रेडिओवर, कुणा अनोळखी माणसाशी बोलायचं, एवढीच त्यांची चैन.

ते एएमवर बोलत. जुनी पद्धत. आवाज भरदार, माणूस समोर बसल्यासारखा. पण बँडवर जागा दुप्पट लागते आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर बोलणाऱ्याच्या कानात शिट्टी वाजते. बाकी सगळे कधीच सिंगल साइडबँडवर गेले होते. त्यात आवाज निम्म्या जागेत मावतो आणि साध्या सेटवर बदकं भांडल्यासारखा ऐकू येतो. ती बदकं काय म्हणतात ते कळावं म्हणून बाबांनी आपल्या सेटला एक जादा बटण बसवलं होतं. त्या मंडळींच्या परदेशी सेटवर एएमचं बटण आयतं होतं. ते दाबायचे कष्ट कुणी घेत नसे. परवान्यात दोन्ही पद्धतींना मुभा होती, हेही कुणी आठवत नसे.

बाबांच्या हाकेला उत्तर आलं नाही. शेजारीच रविवारचं नेट, रेडिओवाल्यांची ठरलेली बैठक, सुरू झालं. बाबांनी आपलं जादा बटण दाबलं.

"चला, भिवंडी केंद्र लागलं," कुणीतरी म्हणालं. "आता कामगार बंधूंसाठी लोकगीतं."

सगळे हसले. शिकलेली माणसं एकत्र हसतात तसे, आवाज न चढवता.

मग रेगे बोलले. ठाण्याचे निवृत्त इंजिनिअर. नेट तेच चालवत, आणि बाबांना सरकवण्यापुरतं एएमचं बटण दाबत. "केसरीनाथजी, जरा वर सरकता का? फार जागा खाता हो तुम्ही."

"सरकतो, सर."

"तिथं मद्रासची मंडळी असतात. आणखी वर."

"हो, सर."

"राग मानू नका, पण शिट्टी अजून येतेय. हायवेवर बैलगाडी कुठेही घातली तरी आडवीच येणार ना?"

पुन्हा हसू. शिट्टी खरी होती. ती त्यांच्या कानात आठवड्यातून अर्धा तास वाजे. बाबांनी सेट बंद केला. व्हॉल्व्ह विझेपर्यंत ते बघत बसले.

"आटपला का?" आतून आई म्हणाली. "च्या निवतंय."

"आटपला."

"बाबा, माइक द्या मला," मी म्हणाले. "मी बोलते त्या रेग्यांशी."

"न्हाय. मोठी मानसं हायत, उलट बोलायचं न्हाय." मग हसले. "आनि तुला लायसन कुठं हाय?"

सोमवारी पंपावरच त्यांच्या छातीत कळ आली. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. रेग्यांमुळे नव्हे, इतकं मलाही कळतं.

पुढच्या रविवारी मी सेट लावला, ते जादा बटण दाबलं. रेगे श्रद्धांजली वाहत होते.

"केसरीनाथजी मोठ्या मनाचा माणूस. काळाची पावलं ओळखली त्यांनी. मागच्याच रविवारी, कुणीही न सांगता, आपणहून बाजूला झाले आणि आपल्याला जागा करून दिली."

"रॉजर," एक म्हणाला. "रॉजर, रॉजर," बाकीचे म्हणाले. मागच्या रविवारी हसलेला प्रत्येक आवाज हजर होता. एकालाही काही आठवलं नाही.

रेडिओवाल्यांत एक रिवाज आहे: कुणी गेला की सोबतचे येऊन त्याची अँटेना उतरवून देतात. बाराव्यानंतर रेगे आले. बरोबर दोघे, दोरी आणि मिठाईचा पुडा. दुखवट्याच्या घरात मिठाई.

आईनं तरीही त्यांना चहा दिला. रेग्यांनी सेटवरून हात फिरवला. "वहिनी, हा आम्ही क्लबात ठेवू म्हणतो. काचेच्या कपाटात. खाली पाटी लावू: ज्यांनी स्वखुशीनं नव्या पिढीला वाट दिली."

आई माझ्याकडे बघू लागली. "दे, बाय. सायेब येवढ्या लांबून आलंत."

"नाही," मी म्हणाले.

"ताई, तुमच्या भावना समजतात आम्हाला..." रेगे म्हणाले.

"तार उतरवू नका. सेट मिळणार नाही. आणि सर, माझे बाबा आपणहून गेले नाहीत. ते हाका मारत होते, आणि तुम्ही हसून त्यांना हाकललंत. येत्या रविवारी एवढं नेटवर सांगा. तुमच्या स्वच्छ आवाजात."