प्रसादाची पंगत

वर्षालीनं भावाला एवढंच सांगितलं होतं, "दादा, एकटाच ये. मागल्या दाराशी गाडी चालू ठेव, मी निघून येते."

ताथवड्याला कॉलेजात असताना ती मैत्रिणीबरोबर तळवड्याच्या मठात आरतीला जायला लागली. आधी आरती, मग सेवा, मग कायमचा मुक्काम. मोबाइल काढून घेतलेला, घरच्यांशी बोलायचं तरी महाराजांची परवानगी. तिनं मठात भाजी घालणाऱ्या बाईच्या फोनवरून निरोप दिला, तेव्हा तिचा भाऊ धनेश चाकणला कंपनीत होता. त्याला तिथंच रडू फुटलं.

पण पोटात गोष्ट ठेवील तर तो धनेश कसला. त्यानं चुलत्याला, आबाजींना सांगितलं. आबाजींना सांगणं म्हणजे गावच्या भोंग्यावरून सांगणं.

"पोर आपल्या भावकीची हाय. चोरागत कशापायी आणायची? चारचौघांत मानानं आणू," आबाजी म्हणाले.

धनेशला ते पटलं. खरं तर एकट्यानं जायची भीती वाटत होती, म्हणून पटलं.

दोन जीपा भरून भावकी मठाच्या पुढच्या दारात उतरली. महाराज जराही रागावले नाहीत. त्यांनी वर्षालीला बाहेर बोलावून सगळ्यांसमक्ष मायेनं विचारलं, "बाळ, जायचंय का? दार उघडंच आहे."

मागं सेवेकरी, पुढं भावकी. थोरांपुढं मान वर करायची नाही, हे तिला घरानंच शिकवलेलं. मठानं नुसतं घोटून घेतलं.

"नाही," ती म्हणाली.

"झालं तर. पोर सुखात हाय," आबाजी म्हणाले, आणि भावकीचा जीव भांड्यात पडला.

महाराजांनी जेवायचा आग्रह केला. प्रसादाला नाही कोण म्हणणार? भांडायला आलेली माणसं मांडी घालून पंगतीला बसली, वर आमटीची तारीफ केली. धनेशही बसला. तिचा हात धरून चालू पडायचं सोडून तो पानावर बसला, याची लाज त्याला अजून झोपू देत नाही.

वाढायला वर्षालीच होती. भात वाढताना वाकून ती हळूच म्हणाली, "आता मला लांबच्या मठात धाडतील, दादा. आईला सांगू नको."

तो उठेल म्हणून ती क्षणभर थांबली असावी. तेवढ्यात आबाजींनी पलीकडून "पोरी, हिकडं वाढ" म्हणून हाक दिली, आणि ती गेली.

प्रसाद पानात टाकायचा नसतो. धनेशनं तो भात शेवटच्या शितापर्यंत खाल्ला.