दोर सैल सोड

हात तिचा, कातडी तिची, सुया टोचताना दात आवळून बसली तीही तीच. पण त्या हाताबद्दल मत मात्र साऱ्या दुनियेला होतं. घरात तिला लहानपणापासून ठिणगी म्हणत, आणि त्या आठवड्यात ठिणगी विझायचं नाव घेत नव्हती.

ठिणगी गाडी चालवायला शिकवायची. शिकाऊ माणसाच्या शेजारी बसायचं, पायाखाली आपला वेगळा ब्रेक ठेवायचा आणि शांत आवाजात 'क्लच, क्लच, अहो क्लच' म्हणत राहायचं, हा तिचा धंदा. शांत आवाजही धंद्यापुरताच. शेजारी बसल्यामुळे तिचा हात शिकाऊंच्या नजरेत सारखा यायचा, आणि ज्यांना शोधूनही गिअर सापडत नाही त्यांना तिच्या हातावर गोंदलेली पाल मात्र बरोबर दिसायची. "अगदी खरी वाटते हो!" असं म्हणता म्हणता एका निवृत्त गृहस्थांनी गाडी फुटपाथवर चढवली. वर तिलाच सांगितलं, "असलं काही हातावर ठेवू नये. लक्ष विचलित होतं."

पालीच्या खाली मनगटापासून कोपरापर्यंत एक लांब वण होता. वर्षापूर्वी ती चढाईच्या भिंतीवरून निसटली, दोराला लटकून झोक्यासारखी फिरली आणि भिंतीतून पुढे आलेल्या लाकडी खोक्यावर हात आपटला. हाड मोडलं, आत धातूची पट्टी बसली, बाहेर टाक्यांची रांग उठली. तेव्हापासून जो तो वण बघायचा आणि आवाज खाली आणून विचारायचा, "फार दुखलं का गं?" ऐकून ऐकून तिचे कान किटले. वण पक्का झाला असं डॉक्टरांनी सांगितल्याबरोबर ती टॅटूवालीकडे गेली आणि त्यावर पाल काढून घेतली. डोकं मनगटाकडे, शेपूट कोपराकडे. भिंतीला पाल चिकटते तसं आपल्याला चिकटायचंय, यात न समजण्यासारखं काय होतं? पण आईने हात बघितला आणि खुर्चीत बसली.

"दुसऱ्यांच्या अंगावर पाल पडली तर ते किंचाळतात," आई म्हणाली. "आमच्या बाईसाहेब नंबर लावून पाडून घेतात."

टॅटूवाली त्या मानाने बरी. ती वणाबद्दल काही बोलली नाही, फक्त बजावलं, "खपली धरेल, ती आपोआप सुटेल, ओढायची नाही. घाम नको, घासणं नको, धूळ नको. भिंतीवर तर इतक्यात पाऊलसुद्धा नको." ठिणगीने मान डोलावली. वर्षभर थांबली होती. गेले काही आठवडे तर सोप्या वाटा चढूनही झाल्या होत्या, आधी पिवळी, मग हिरवी. आता खपली सुटेपर्यंत विश्रांती आणि मग निळी, असा तिचा सरळ बेत होता.

तिसऱ्याच दिवशी भिंतीवाल्यांचा निरोप आला. निळी निघणार.

ही भिंत एका जुन्या गोदामात होती. चांगली तीन मजले उंच, आणि तिच्यावर रंगीत होल्ड, म्हणजे हातापायांनी धरायचे उंचवटे, बोल्टने घट्ट बसवलेले. एका रंगाचे होल्ड म्हणजे एक वाट. निळ्यावर निघालात तर शेवटपर्यंत निळ्यालाच हात-पाय लावायचे. काही महिन्यांनी पानेवाला शिडी लावतो, होल्ड काढून धुतो आणि नवी वाट रचतो. जुनी वाट तशीच्या तशी पुन्हा लागत नाही. ठिणगी पडली ती निळीवरून. कोपऱ्यात असल्यामुळे ती कशीबशी वर्षभर टिकली होती. आणि आता, नेमकी आता, हातावर ओली पाल असताना ती रविवारी संध्याकाळी निघणार होती!

तिने दादाला फोन लावला. दादा तिचा थोरला भाऊ, घरात तिला एकटाच चिमे म्हणणारा, दातांचा डॉक्टर, आणि भिंतीवर तिचा दोर धरणारा माणूस. ती पडली तेव्हाही दोर त्याच्याच हातात होता. दोर त्याने पक्का धरला होता, चूक तिच्या पायाची होती, हे तिने त्याला शंभरदा सांगितलं होतं.

"जाऊ दे ना," दादा म्हणाला. "दुसरी वाट लागेल. निळीचंच काय एवढं?"

"निळीने माझा हात मोडला. तिला उत्तर न देता जाऊ देऊ?"

"भिंतीला उत्तर देतात का चिमे?"

"मी देते. येतोयस की मी कुणा अनोळखी माणसाच्या हातात दोर देऊ?"

दादा आला. अनोळखी माणसाचं नाव काढलं की तो येतोच, हे तिला माहीत होतं.

रविवारी गोदामाच्या दारातच मिशीवाल्यांनी अडवलं. मिशीवाले म्हणजे भिंतीचे मालक. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून हात पाहिला आणि मान हलवली. "ही उघडी जखम आहे. उघडी जखम घेऊन भिंतीवर चढायचं नाही, हा इथला नियम आहे. होल्डला लोक हात लावतात."

ठिणगीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, कारण त्याच वेळी त्यांच्या मागे एक दांडगा गडी बोटांच्या फाटलेल्या कातड्याचे फोटो काढून घेत होता. रक्त तळहातापर्यंत ओघळलेलं, आणि चार जण त्याच्या पाठीवर थापा मारत होते.

"आणि ते काय आहे? मेंदी?" ती म्हणाली.

"तो रोजचा आहे हो," मिशीवाले म्हणाले. "भिंतीवर बोटं फाटतातच."

"म्हणजे भिंतीने फाडलं तर शौर्य आणि मी पैसे देऊन टोचून घेतलं तर घाण! नियम जखमेचा आहे की माझ्या तोंडाचा?"

मिशीवाल्यांनी मागे वळून बघितलं आणि ते जरा वरमले. त्या गड्याला हात धुऊन पट्टी लावायला पाठवलं, आणि हिला म्हणाले, हात नीट झाकत असाल तर चढा. ठिणगीने पिशवीतून धुतलेला सुती सदरा काढला, लांब बाह्यांचा, सैल. टॅटूवालीचं निम्मं तरी ऐकायचं ठरवूनच ती आली होती. नियम पाळायला तिची ना नव्हती, तो आपल्यापुरताच निघाला की तिचं डोकं फिरायचं.

निळीच्या पायाशी पानेवाला आधीच येऊन बसला होता, शेजारी रिकाम्या बादल्या. "ताई, तुमचं झालं की मी चालू करतो," तो म्हणाला. ठिणगीने कमरेला हार्नेस आवळला, म्हणजे तो पट्ट्यांचा साज ज्यात दोराची गाठ मारतात. दोर वरच्या कडीतून फिरून दादाच्या कमरेला आला. एकमेकांच्या गाठी तपासून झाल्या. तिने बोटांना खडूची पूड लावली आणि पहिल्या होल्डला हात घातला.

खालचा टप्पा हाताला पाठ होता. मधल्या टप्प्यात बाहीच्या आत घाम सुटला आणि पाल चुरचुरायला लागली, अगदी जखमेवर मीठ चोळावं तशी. मग ते लाकडी खोकं आलं. त्याच्या वर डाव्या हाताला एक निसरडा, पोट सुटल्यासारखा होल्ड. मोडलेल्या हाताने त्याला कवळ घालायची, सगळा भार त्याच हातावर घ्यायचा आणि उजवा पाय वर उचलायचा. इथेच ती निसटली होती. तिने श्वास सोडला, कवळ घातली, पाय उचलला.

आणि ती गेली की वर! हात थरथरलासुद्धा नाही. पुढचे होल्ड पायऱ्यांसारखे आले आणि तिने शेवटच्या निळ्यावर दोन्ही हात टेकवले. खालून टाळ्यांचा कडकडाट झाला. फाटक्या बोटांचा गडी शिट्ट्या मारत होता, मिशीवालेसुद्धा टाळ्या वाजवत होते.

ठिणगीला आनंद झाला, पण घोटभरच. मग मनात शंकेची पाल चुकचुकली. इतकं सोपं? वर्षभर जी जागा स्वप्नात येऊन दचकवायची, ती इतकी सोपी? तिने खाली कमरेकडे पाहिलं. अजून ती आपल्या हातापायांवर उभी होती, दोरावर भार टाकलेला नव्हता. तरी हार्नेस बरगड्यांपर्यंत वर खेचलेला, सदऱ्याचा चोळामोळा होऊन छातीशी गोळा झालेला, आणि दोर काठीसारखा ताठ.

"दादा, दोर सैल सोड!"

दादाने पकड ढिली केली. मग दोर सैल झाला आणि तिचं सगळं वजन एकदम बोटांवर येऊन बसलं. इतका वेळ ते कुणीतरी दुसऱ्याने उचललं होतं.

ती खाली आली. पाय जमिनीला टेकायच्या आत तिने विचारलं, "तू मला ओढलंस?"

"थोडासा ताण दिला," दादा म्हणाला. "त्या एका जागेवर. मला वाटलं, तुला कळणार नाही."

तुला कळणार नाही! हे तो दिवसभर खुर्चीत आ वासून पडलेल्या लोकांना सांगतो. सुई टोचताना सांगतो, दाढ उपटताना सांगतो. तिथे ठीक आहे. पण ही काय दाढ होती?

"हिरवीवर?" तिने विचारलं.

दादाने मान डोलावली.

"पिवळीवरसुद्धा? अरे, पिवळी तर शाळेतली पोरं चढतात!"

"चिमे, हळू बोल, लोक बघतायत."

"बघू देत! मघाशी टाळ्या वाजवत होते ना? मग हेही ऐकू देत. मी काही चढले नाही. हे माझे थोरले बंधू आहेत, यांनी मला गोणी ओढावी तशी वर ओढली. त्यांचं कौतुक करा." तिचा आवाज फाटला होता. "इतके दिवस मी आरशात हात बघून म्हणत होते, बरा झाला, पहिल्यासारखा झाला. आणि तो हात तुझा होता! माझा बरा झालाय की नाही, हे मला आजही माहीत नाही. ते तू खिशात घालून बसलास."

फाटक्या बोटांचा गडी बुटांच्या नाड्या बांधायला खाली वाकला. दादाचा चेहरा पडला होता.

"तू आपटलीस तेव्हा हाडाचा आवाज मला खाली ऐकू आला होता," तो म्हणाला. "मी रोज दात उपटतो, मला आवाजाचं काही वाटत नाही. पण तो जात नाही कानातून. तू त्या खोक्याजवळ आलीस की माझा हात आपोआप दोर ओढतो. मी ठरवून करत नाही."

ठिणगीला वाईट वाटलं. खरंच वाटलं. आणि वाईट वाटावं लागतंय म्हणून ती आणखी चिडली.

"दादा, माझ्या पायाखाली दिवसभर ब्रेक असतो," ती म्हणाली. "समोर भिंत येते, ट्रक येतो, माझी घाबरगुंडी उडते. पण समोरच्याला जमणार असेल तर मी पाय उचलून धरते. माझ्या भीतीसाठी मी ब्रेक दाबला तर त्याला जन्मात गाडी येणार नाही. तो आवाज तुझ्या कानात आहे, मला मान्य आहे. पण त्याचं औषध माझ्या हातातून काढू नकोस."

तिने बाही वर केली. आतून काळपट डाग पडला होता, पालीच्या पाठीवरची खपली एका जागी उचकटली होती. टॅटूवालीने हे बघितलं असतं तर सुया घेऊन मागे लागली असती. ठिणगीने पाण्याने हात धुतला, टिपला, बाही खाली ओढली.

"मी पुन्हा चढणार आहे. दोर असा ठेव की त्याचा पोटाकडचा झोळ मला दिसला पाहिजे. पडले तर पकड. त्याच्या आधी नाही. जमत नसेल तर आत्ता सांग, मी मिशीवाल्यांना देते दोर."

दादाने मिशीवाल्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "मीच धरतो," तो म्हणाला.

पानेवाल्याने घड्याळाकडे पाहून सुस्कारा टाकला आणि बादली उलटी करून तिच्यावर बसला.

या वेळी वाट लांब झाली. वजन सगळं तिचं होतं आणि हात आधीच दमलेले. खालच्या टप्प्यातच तिला दोनदा थांबून हात झटकावे लागले. प्रत्येक होल्डवर ती खाली बघायची, आणि दर वेळी दोराचा झोळ पोटासमोर लोंबताना दिसायचा. खोक्यापाशी ती थांबली. खाली दादा होता. मान वर, तोंड पांढरंफटक, ओठ दाताखाली. झोळ तसाच होता.

तिने त्या पोट सुटलेल्या होल्डला कवळ घातली. हात भाजल्यासारखा पेटला, आत पट्टीच्या जागी खोलवर कळ गेली, बाही ओली होऊन कातडीला चिकटली. तिने भार टाकला. हात थरथरला. भयंकर थरथरला, पण सुटला नाही. तिने उजवा पाय उचलला, ठेवला, त्याच्यावर उभी राहिली. जिथून ती पडली होती ती जागा आता तिच्या गुडघ्याशी होती.

पुढच्या होल्डला तिची दोन बोटं लागली, तिसरं लागलं नाही, आणि ती सुटली.

झोळ होता तेवढी ती खाली गेली. मग दोर ताणला, हार्नेसने कंबर पकडली आणि ती खोक्यापासून हातभर अंतरावर लटकत राहिली. हात शाबूत होता. खाली दादा चवड्यांवर उचलला गेला होता.

"अरेरे!" फाटक्या बोटांचा गडी हळहळला. "थोडक्यात गेलं."

"एकदा तर पोचलात ना वर," मिशीवाल्यांनी समजूत काढली. "तेच धरायचं."

ठिणगी दोरावर गर्रकन वळली. तिचे डोळे वाहत होते आणि आवाज अख्ख्या गोदामात घुमला.

"तेच का धरायचं? हे धरा! ही कवळ माझ्या हाताने घातलीय! मघाशी फुकटच्या टाळ्या वाजवल्यात ना, त्या आत्ता वाजवा!"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग बादलीवरून उठून आधी पानेवाल्याने वाजवल्या, मागोमाग बाकीच्यांनी, जरा ओशाळून. फक्त दादाने वाजवल्या नाहीत. त्याचे दोन्ही हात दोरावर होते, आणि ती म्हणेपर्यंत त्याने तिला खाली सोडलं नाही.