अण्णासाठी उचलायचं टप

बाबासो अण्णाच्या टोळीला मी माझी पिकअप कापू दिली तेव्हा माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हे मी आजही म्हणतो. एपीएमसीच्या कांदा मार्केटातून नावड्यापर्यंत माल टाकायची माझी नवी कोरी गाडी, आणि हे चार हमाल तिला तुर्भ्याच्या गॅरेजात घेऊन उभे. "रणज्या, गाडी तुझी, पण अण्णा आमचा हाय," टोळीचा मुकादम, अण्णाच्याच भागातला कोंडिबा म्हणाला. मला राग आला. अण्णा काय माझा नव्हता होय?

साताऱ्याहून आलो तेव्हा मार्केटात मला काळं कुत्रं विचारत नव्हतं. अण्णाने आपल्या खोलीत जागा दिली. त्याच्या बायकोने, मुक्ताबाई वहिनींनी, आठ महिने जेवू घातलं, तेही कधी तोंड वाकडं न करता. पहिलं भाडंसुद्धा अण्णानेच एका व्यापाऱ्याच्या मागे लागून मिळवून दिलं. त्या माणसासाठी गाडी काय, मी माझा हात कापून दिला असता. फक्त कुरकुर केल्याशिवाय नाही.

पंचवीस वर्षं गोण्या वाहून अण्णाचा मणका गेला होता. डॉक्टरांनी सांगितलं, बसायचं नाही, चढ-उतार करायची नाही. आडवं पडायचं नाहीतर सरळ उभं राहायचं, आणि तासा-दीड तासाने उभं राहायचंच, नाहीतर पाय आखडतील. म्हणजे एसटी बंद, जीपही बंद. दीड वर्ष झालं, अण्णा गावी गेला नव्हता. पाटणकडे त्याची आई वेणूबाई एकटी. तिला पत्रातून 'काम लई हाय' एवढंच कळवलेलं. अण्णाचा एकच हट्ट होता. "जाईन तर आईम्होरं पायावर उभा जाईन. चौघांनी उचलून आणलेला तिला दिसाय नको."

म्हणून हा खटाटोप. मागे फळ्या टाकून जाड गादी केली, कोपऱ्यात पाण्याचं पिंप आणि स्टोव्ह बसवला. वर अँगलच्या चौकटीवर प्लायवूड आणि पत्र्याचं टप. चार कोपऱ्यांना पाइपात पाइप. टप वर उचलायचं, चार बोल्ट सारायचे, बाजूंची ताडपत्री आपोआप ताणली जाते आणि आत माणूस ताठ उभा राहतो. कायमचं उंच ठेवलं असतं तर घाटातल्या वाऱ्याने गाडी डुलली असती, आणि अण्णाला हिसके चालणार नव्हते.

चौघांनी चार कोपरे धरून ते टप एकेका हाताने उचललं. "हलकं झालंय," कोंडिबा म्हणाला. शंभर किलोची गोणी पाठीवर घेणाऱ्याला हलकं आणि जड काय कळणार? मग माझ्याकडे बघून हसला. "रणज्या, आमास्नी मार्केट सोडून यायला जमायचं न्हाय. तुला जमंल न्हवं?" सगळे मला काठी म्हणायचे. मी उंच आणि अंगावर मांस नाही. "त्यात काय," मी म्हणालो. उचलून बघितलंसुद्धा नाही, एवढा शहाणा मी.

दुसऱ्या दिवशी गाळ्याच्या ओट्याला गाडी उलटी लावली, मागचा फाळका ओट्यावर टेकवला आणि अण्णा सावकाश चालत आत जाऊन आडवा झाला. वहिनी त्याच्या उशाला बसल्या. खोपोलीला घाटाआधी अण्णाला उभं करायला मी थांबलो.

एका बाजूने मी, एका बाजूने वहिनी. टप वीतभर उठलं आणि बसलं. पुन्हा तेच. तिसऱ्या वेळी तेवढंही उठलं नाही. आत अण्णाच्या पायाला गोळे येत होते, तो ओठ दाबून पडलेला दिसत होता. मला स्वतःची इतकी चीड आली की मी चाकाला लाथ मारली.

"अण्णा, मी खोटं बोललो," मी म्हणालो. "माझ्याच्यानं होत नाय. गाडी मागं फिरवतो."

"आधी आत ये," अण्णा शांतपणे म्हणाला. "मुक्ते, टॉवेलाची चुंबळ कर."

वहिनींनी टॉवेल पिळून चुंबळ केली आणि माझ्या डोक्यावर ठेवली. मी टपाखाली बरोबर मधे उकिडवा बसलो. "हातानं ढकलू नगं," अण्णा पडल्या पडल्या सांगू लागला. "हात नुसते धराय असत्यात. मान ताठ. खाली बघायचं न्हाय. आता मांड्यांनी ऊठ, सावकाश."

मी उठलो. पत्रा कुरकुरला, मानेतून कळ निघाली, पण टप माझ्याबरोबर वर आलं. वहिनींनी एक बोल्ट सारला, दुसरा सारला. तिसरा अडकला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. "दम धर," अण्णा म्हणाला, "झालंच." चौथा बसला आणि मी बाजूला झालो. अण्णा वहिनींना धरून उभा राहिला, ताठ. पाच मिनिटं तसाच उभा होता. मला इतका आनंद झाला की मी स्टोव्ह पेटवून चहा टाकला, आणि त्यात साखर घालायला विसरलो. दोघांनी मुकाट्याने प्यायला.

पाटणपर्यंत तसं सहा वेळा उचललं. वाटेत शिरवळला मुक्काम केला.

वेणूबाईच्या घराचं जोतं उंच आहे. गाडी उलटी लावली, फाळका जोत्यावर टेकवला. अण्णा आपल्या पायांनी चालत गेला आणि आईसमोर उभा राहिला. तिने त्याच्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. मग दोघं म्हशीचं बोलत राहिले, विहिरीच्या पाण्याचं बोलत राहिले. अण्णाचे गुडघे कापायला लागले. मला दिसत होतं, वहिनींना दिसत होतं.

"बाबा," वेणूबाई म्हणाली, "लई येळ उभा राहिलास. आता पड."

सोप्यात जाड वाकळ अंथरून ठेवलेली होती.

"तुला कुणी सांगितलं?" अण्णाने विचारलं.

"कोंडिबाची आई बाजारात भेटती की. दीड वरीस झालं मला कळून."

"मग तू कळवलं का न्हाईस? आलीबी न्हाईस."

"तुला उभा यायचं हुतं न्हवं? म्या वाट बघितली."

अण्णा वाकळीवर आडवा झाला आणि आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडला. वहिनीही रडल्या. मी गाडीकडे जाऊन उगाच फाळक्याची साखळी काढत-लावत बसलो, कारण मलाही आवरत नव्हतं.