वास कुणाच्या घरचा?

नरहरी राऊतांनी कुलर आणला तो एकोणनव्वदच्या उन्हाळ्यात. नवापूरच्या पलीकडच्या त्या दमट किनाऱ्यावर कुलरचा उपयोग तो काय! अंग गार व्हायच्याऐवजी चिकट व्हायचं. पण बोईसरच्या ऑफिसात मोठ्या साहेबांकडे कुलर होता, म्हणून राऊतांकडेही हवाच. तो खिडकीत बसला, त्याच्या डोक्यावर विणलेला रुमाल आला, आणि पाहुण्यांना चहाच्या आधी कुलरचं दर्शन घडू लागलं.

महिन्याभरात घरात वास सुटला. कुबट, कुजका. घास घशाखाली उतरेना. राऊतांच्या वाडीच्या कुंपणापलीकडे मच्छीमारांची आळी होती. तिथे हंसा आणि तिचा नवरा दामू बांबूच्या वलांड्या उभारून त्यावर बोंबील सुकत घालायचे. नरहरींना आणखी पुरावा कशाला हवा?

"या लोकांनी जगणं नकोसं केलंय!" ते ताटावरून उठत म्हणाले.

"वलांड्या तर तुमच्या लहानपणापासून आहेत," त्यांची बायको आनंदी म्हणाली. "वास आत्ताच कसा आला? दुकानदारानं सांगितलं होतं, टाकीतलं पाणी बदला, गवताच्या ताट्या धुवा. एकदा उघडून तर बघा."

"नवा कोरा कुलर आहे. त्यात कसली घाण? घाण पलीकडे आहे!"

ग्रामसभेत नरहरी मच्छीमारांच्या घाणीबद्दल तावातावाने बोलले. वाडीवाल्यांनी माना डोलावल्या. हंसा मागून उठली.

"दादा, आमी मासली सुकवतो, कुजवत नाय. कुजलेली कोन घेल? पावसात बोटी बंद. हे बोंबील इकूनच आमी चार मयने खातो."

"वास येतो की नाही, तेवढं सांग!" कुणीतरी ओरडलं आणि सभा हसली. हसणाऱ्यांत बोंबलाच्या कालवणावर ताव मारणारेही होते. सरपंचांनी वलांड्या हलवायला सांगितल्या.

हंसाने दूर वाळूवर मासळी पसरली. अर्धी कुत्र्यांनी ओढली, उरलेलीत रेती शिरली. वाणगावहून आलेल्या व्यापाऱ्याने एक तुकडा चावून पाहिला, थुंकला आणि टेम्पो तसाच रिकामा फिरवला.

आणि राऊतांच्या घरातला वास? तो तसाच!

"घरात लपवून सुकवतायत," नरहरींनी ठरवून टाकलं. सरपंचांना आणि चार माणसांना घेऊन ते थेट हंसाच्या दारात गेले. सगळी आळी बघत असताना त्यांनी तिचे डबे उघडले, एकेका डब्यात नाक घालून हुंगलं. तांदूळ, मीठ, चहाची पूड. धुऊन पालथ्या घातलेल्या टोपल्या.

"सापडलं काय?" हंसाने विचारलं. बरोबर आलेले एकेक करत बाहेर सटकले. आणि नरहरी! त्यांना तेव्हाही लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या वेळी लाइट गेली. आनंदीने सगळ्या खिडक्या उघडल्या. वारा त्याच आळीकडून येत होता, पण वास नव्हता. कितीतरी दिवसांनी ती पोटभर जेवायला बसली, तोच लाइट आली, कुलर घरघरला आणि वास भपकन तोंडावर आला. आनंदीने ताट बाजूला सारलं. कुलर बंद केला, प्लग काढला आणि मागची जाळी ओढून बाहेर काढली.

"अहो, इकडे या! आणि नाक दाबू नका!"

ताट्यांवर काळी बुरशी चढली होती. गवत सडून लिबलिबीत झालं होतं. टाकीच्या तळाशी हिरवा गाळ, पाण्यात वळवळणाऱ्या अळ्या आणि फुगून तरंगणारी एक मेलेली पाल.

"हा वास आपला आहे!" आनंदी म्हणाली. "पंखा याच ताट्यांतून वारा ओढून आपल्या तोंडावर मारत होता. तुम्ही तिचे मिठाचे डबे हुंगलेत, पण आपल्या टाकीत वाकून पाहिलं नाहीत. ती मासे सुकवते म्हणून घाण तिचीच, हे तुम्ही वास यायच्या आधीच ठरवलं होतं. तिच्या पोटावर पाय दिलात, तो कशासाठी? या पालीसाठी!"

नरहरींनी बाह्या सरसावल्या. ताट्या फेकून दिल्या, टाकी साबणाने घासली, पंख्याची पाती पुसली. संध्याकाळी घरात वास नव्हता. लाज मात्र होती, आणि ती साबणाने जाणार नव्हती.

सकाळी ते हंसाकडे गेले. ती डबा घेऊन बाहेर पडत होती. बोईसरच्या एका कारखान्यात तिने झाडलोटीचं काम धरलं होतं.

"हंसा, चूक माझी होती. वास माझ्याच कुलरचा होता. वलांड्या पुन्हा उभारा."

हंसाने त्यांच्याकडे निरखून पाहिलं.

"आता काय सुकवू? पाऊस दारात हाय. बोटी वर ओढल्या." ती थांबली. "दादा, आमाला घाण म्हनलात ते भर सभेत. माजे डबे हुंगलात ते सगल्या आलीसमोर. आनि चूक सांगाला कोन नाय बघून आलात? जितं माजी लाज काढलीत, तितं बोला."

एवढं बोलून ती एसटीसाठी निघून गेली.

पुढच्या ग्रामसभेत नरहरी उभे राहिले आणि पालीसकट सगळं सांगितलं. लोक हसले. त्यांनी ते हसणं मान खाली घालून ऐकून घेतलं. वलांड्या जुन्या जागी उभारायचं ठरलं. पण ते ऐकायला हंसा नव्हती. त्या वेळी ती कुणाच्या तरी कारखान्याची जमीन झाडत होती.

वाचकहो, कुलरची टाकी, ताट्या, जाळ्या आठवड्याला धुवा, त्याला अर्धी दुपार पुरते. पण घाण वास आला की आपलं बोट आधी कुंपणापलीकडेच का जातं, हेही एकदा स्वतःला विचारा. आरोप आपण चारचौघांत करतो आणि चूक मात्र कानात कबूल करतो! आधी आपलं घर उघडून बघा. नरहरींनी ते उशिरा उघडलं, आणि त्या उशिरात हंसाचा अख्खा हंगाम बुडाला.