दुसरा माणूस उतरत नाही

शनिवारच्या वर्गाला जायला लागल्यापासून आल्बिनाला घरात जिकडेतिकडे मरण दिसू लागलं होतं. चुलीजवळ ठेवलेला रॉकेलचा डबा, माळ्याची डुगडुगणारी शिडी, सोललेल्या वायरीला लटकणारा दिवा. याच घरात ती इतकी वर्षं बिनघोर झोपली होती. शिकून माणूस शहाणं होतं म्हणतात. ही पोरगी नुसती भित्री झाली होती.

वसईच्या एका रंगाच्या कारखान्यात ती हजेरी घ्यायची. तिथे दोन कामगार भाजले तेव्हा मालकाला जाग आली, आणि चर्चच्या शाळेत संध्याकाळी भरणाऱ्या लोकविद्यालयात त्याने तिचं नाव घातलं. विषय होता कामाच्या जागची सुरक्षितता. शिकवायला हरेश्वर राऊत सर. कारखाने तपासण्यात या माणसाचा जन्म गेलेला, त्यामुळे ते कधी हसत नसत. टाकीत बेशुद्ध पडलेल्या एका कामगाराची गोष्ट त्यांनी सांगितली. त्याला काढायला त्याचा भाऊ उतरला, भावाला काढायला मित्र उतरला, आणि तिघांनाही शेवटी फायरब्रिगेडने काढलं. "पहिला चुकून मरतो," सर म्हणाले, "दुसरा मायेने मरतो. म्हणून नियम लिहून घ्या. दुसरा माणूस उतरत नाही."

आल्बिनाचं पाठांतर मोठ्याने बोलल्याशिवाय होत नसे. नंदाखाल गावातल्या घरी संध्याकाळची जपमाळ संपली, की तिथेच देवाच्या कोनाड्यापुढे, अल्तारासमोर बसून ती नियम म्हणायची. तिचा धाकटा भाऊ क्लेमेंट महाचावट. प्रत्येक नियमानंतर तो लितानीच्या, म्हणजे एकेका संताचं नाव घेऊन आळवायच्या प्रार्थनेच्या, चालीवर तिच्यातलंच ठरलेलं उत्तर द्यायचा.

"ओल्या हाताने बटण दाबू नये."

"आमच्यासाठी विनंती कर."

"दुसरा माणूस उतरत नाही."

"आमच्यासाठी विनंती कर."

पप्पा, म्हणजे सेबॅस्टियन, मिशीतल्या मिशीत हसायचे. आई सालोमी दोघांनाही दटावायची, देवासमोर थट्टा नको म्हणून, पण तिच्याही तोंडाचा कोपरा हलायचा.

मे महिना लागला आणि आल्बिनाची झोप उडाली. घरच्या केळीच्या वाडीतल्या विहिरीचं पाणी खोल गेलं. वरून पंपाला पाणी ओढेना, तेव्हा दरवर्षीसारखं डिझेलचं इंजिन कप्पीवरून दोराने विहिरीत सोडलं आणि आतल्या कट्ट्यावर बसवलं. आजूबाजूच्या वाड्यांतही हीच रीत. इंजिन आत धडधडे, धूर विहिरीतच घुटमळे आणि केळीला पाणी मिळे.

तिने सरांना विचारलं. सरांनी हातातला खडू खाली ठेवला. मग त्यांनी सांगितलं, की इंजिनाच्या धुरात एक वायू असतो, त्याला ना रंग ना वास, आणि तो आत साचून राहिला तर माणसाला कळायच्या आत पाय लुळे पडतात.

"पण आमच्याकडे आधी मेणबत्ती सोडून बघतात," ती म्हणाली.

"मेणबत्ती जळत राहील," सर म्हणाले. "माणूस पडेल आणि मेणबत्ती जळत राहील."

हे घरी कसं सांगायचं? मेणबत्ती काही दुकानातली नव्हती. फेब्रुवारीतल्या मेणबत्त्यांच्या सणाला फादरांनी आशीर्वाद दिलेली ती, आई वर्षभर कपाटात जपून ठेवायची. विहिरीत उतरण्याआधी डब्यात लावून ती खाली सोडायची. विझली तर उतरायचं नाही, जळली तर क्रुसाची खूण करून उतरायचं. सालोमीच्या सासूने तेच केलं होतं आणि या विहिरीने आजवर कुणाचा जीव घेतला नव्हता. आल्बिनाने तोंड उघडताच आई दुखावली. आता तुझे सर फादरांपेक्षा मोठे झाले का, एवढंच तिने विचारलं आणि ती भांडी घासायला निघून गेली.

चार दिवसांनी, सकाळीच, इंजिन आपोआप बंद पडलं. केळीला घड लागलेले. पाणी चुकवून चालणार नव्हतं. सालोमीने मेणबत्ती सोडली. ज्योत खाली जाऊन सरळ उभी राहिली. क्लेमेंटने लुंगी खोचली.

आल्बिनाने हातापाया पडून बघितलं. थोडं थांब, वारा खेळू दे, नारळाच्या झावळ्या दोराला बांधून वरखाली करू. क्लेमेंट ऐकेना. शेवटी तिने खोटंच सांगितलं, की दोर कसा बांधायचा ते तिला परीक्षेत करून दाखवायचं आहे, निदान सराव तरी करू दे. दोर बैलाला बांधतात, माणसाला नाही, असं म्हणून तो हसला. पण बहिणीच्या परीक्षेसाठी त्याने हात वर केले. तिने काखेखालून, छातीभोवती दोर घेतला, सरांनी दाखवली होती तशी गाठ मारली आणि दुसरं टोक कप्पीवरून पप्पांच्या हाती दिलं.

तो भिंतीतल्या लोखंडी पायऱ्यांनी खाली गेला. इंजिनाशी खुडबुड ऐकू आली. त्याने काहीतरी शिवी दिली, इंजिनालाच असावी. मग काहीच ऐकू येईना.

"क्लेमेंट?"

आल्बिना काठावर ओणवी झाली. तो कट्ट्यावर कलंडला होता, एक पाय खाली लोंबत होता. शेजारी डब्यात मेणबत्ती शांतपणे जळत होती.

पुढचं तिला नीट आठवत नाही. इतक्या शनिवारांचं पाठांतर कुठे गेलं कुणास ठाऊक. तिचा भाऊ खाली होता आणि ती वर होती, एवढंच तिला कळत होतं. ती तिसऱ्या पायरीवर पोहोचली होती, तेव्हा तिच्या वेणीला जोराचा हिसका बसला. पप्पांनी एका हाताने दोर धरला होता आणि दुसऱ्या हाताने तिची वेणी मनगटाला गुंडाळली होती. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता.

"दुसरा माणूस उतरत नाही," पप्पा म्हणाले. "वर ये. दोर ओढ."

ती रडत वर आली. तिघांनी मिळून दोर ओढला. कप्पी करकरत होती, पप्पांचे तळवे सोलवटत होते, आई प्रत्येक ओढीला येशूचं नाव घेत होती. क्लेमेंट पोत्यासारखा वर आला. त्याला केळींच्या सावलीत निजवलं, सदरा फाडून काढला. छाती हलतेय की नाही ते आल्बिनाला समजेना. तिने गाल त्याच्या तोंडाजवळ नेला. श्वास होता. बऱ्याच वेळाने तो ओकला, आणि त्या ओकण्याने या घराला जेवढा आनंद झाला तेवढा कुठल्या सणालाही झाला नसेल.

दवाखान्यातून त्याला तिसऱ्या दिवशी घरी आणलं. इंजिन तोवर वर काढून झालं होतं. केळी सुकत होत्या आणि त्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नव्हतं.

संध्याकाळी जपमाळ झाली. आल्बिना उठून आत जाऊ लागली, तर पप्पांनी तिला थांबवलं.

"बाय, तुझे नियम राहिले."

तिने नको म्हटलं. पप्पा हलेनात. शेवटी ती म्हणू लागली, आणि त्या एका नियमाशी येऊन ती अडली. मग पप्पांनीच तो पुरा केला, फडकं गुंडाळलेले हात जोडून.

"दुसरा माणूस उतरत नाही."

क्लेमेंट खाटेवर पडून ऐकत होता. या खेपेला उत्तर सालोमीने दिलं. अल्तारासमोर गुडघे टेकून, डोळे मिटून, ती हळूच म्हणाली, "आमच्यासाठी विनंती कर."