गंज एक, परात एक

मी कोराडीच्या विहारातला एक जुना कॉम्प्युटर आहे. मित्रांनो, इथे वीज केंद्राची राख खिडकीतून येते आणि माझ्या बटणांवर बसते. सीताबर्डीच्या दुकानातून मला आणले तेव्हा मी पांढरा होतो. माझ्यावर लग्नाच्या पत्रिका झाल्या, मुले खेळ खेळली, सगळे कौतुक करत. मग घरोघरी मोबाइल आले आणि माझ्यावर चादर पडली.

ती चादर धोंडबाने काढली. विहाराची भांडी लग्नाकार्याला द्यायचे काम त्याची बायको प्रेमिला करायची. कोणाकडे काय गेले, ते सारे तिच्या डोक्यात असे. खिळा ठोकून ठोकून तिने प्रत्येक भांड्यावर आकडा टाकला होता. गंजांना, म्हणजे मोठ्या पातेल्यांना, एकपासून, परातींना पुन्हा एकपासून. ती गेली आणि भांडी हरवू लागली. म्हणून धोंडबा माझ्यासमोर बसला.

त्याने माझ्यात भांड्यांचा तक्ता केला आणि ओळखीची किल्ली, म्हणजे प्रायमरी की, नंबराच्या रकान्याला दिली. ज्याला किल्ली, ते दोनदा घ्यायचे नाही, हा माझा नियम. गंज एक मी घेतला. मग परात एक आली. नंबर तोच, म्हणून मी नाकारली.

विहाराचे अध्यक्ष आनंदराव म्हणाले, “काहून डोकं खपवून राहिला गा? परातीवरचे आकडे घासून टाक. नवे मारू.”

धोंडबाने परात छातीशी धरली. “प्रेमिलाच्या हातचे आकडे हायेत. घासू देत नाही.”

“मंग तुझ्या डब्ब्यालेच समजाव!”

मला वाईट वाटले. पण नियम मोडणे माझ्या हाती नव्हते.

संध्याकाळी त्याची मुलगी दीप्ती आली. बघून हसली. “बाबा, नुसत्या नंबराले किल्ली देल्ली तुम्ही. भांड्याचं नाव अन् नंबर, दोघायले मिळून द्या.”

तिने कंट्रोलचे बटण दाबून ठेवले, दोन्ही रकाने निवडले आणि किल्लीच्या चित्रावर टिचकी मारली. दोन्ही रकान्यांपुढे एकेक छोटी किल्ली उमटली. आता गंज एक वेगळा, परात एक वेगळी. गंज एक पुन्हा आला असता, तर मात्र मी अडवलाच असता.

धोंडबाने परात एक पुन्हा तक्त्यात भरली. मी घेतली. त्याने पितळेवरच्या आकड्यावरून अंगठा फिरवला.

“बसली वं तुझी परात,” तो हळूच म्हणाला.

मित्रांनो, येता-जाता माझ्यावरची राख पुसत जा. आणि कार्याला परात न्याल, तर चिंच लावून चकचकीत करा. फक्त आकड्यापाशी हात हलका ठेवा.