मॅरिकव्हिलच्या कोपऱ्यावरची टकटक

मित्रांनो, आधी हात मागे घ्या. बटण एकदा दाबले की पुरे. दहादा दाबल्याने हिरवा दिवा लवकर लागत नाही, हे सांगून सांगून मी थकलो.

मी सिडनीच्या मॅरिकव्हिल भागातला सिग्नलचा जुना खांब आहे. माझ्या छातीवर तळहाताएवढे गोल बटण आहे आणि पोटात टकटक करणारा डबा. दिवा लाल असताना मी संथ टकटकतो, म्हणजे ज्यांना दिसत नाही त्यांना मी कुठे उभा आहे ते कळावे. हिरवा लागला की भरभर टकटकतो, म्हणजे चला आता. एवढेच माझे काम. पण या शहराला साधी गोष्ट साधी ठेवता येईल तर शपथ!

कारखान्यात घडवून, रंग देऊन मला इथे उभे केले तेव्हा या चौकाला काही रूप होते. माझ्या पाठीशी मासळीचे दुकान, समोर मोज्यांचा कारखाना, कोपऱ्यावर दगडी बँक. विमाने तेव्हाही अशीच डोक्यावरून जात. विमान आले की माणसे बोलता बोलता थांबत आणि ते गेले की अडलेल्या शब्दापासून पुढे बोलू लागत. मासळीवाल्याचा हात लागला की माझ्या बटणाला खवले चिकटत. मोजे विणणाऱ्या बायकांच्या बोटांना लोकरीचे तंतू असत. मला ते हात आवडत.

मग जी खोदाखोदी सुरू झाली ती आजतागायत चालू आहे. मोज्यांचा कारखाना बंद पडला आणि त्यात घरे झाली. कारखान्याचे नाव मात्र दारावर सोनेरी अक्षरांत ठेवले, शोभेला! बँकेची व्यायामशाळा झाली, व्यायामशाळेत पुढे वाइनचे दुकान आले. रस्ता खोदला, बुजवला, केबलसाठी पुन्हा खोदला, बुजवला, आणि मग कोणाला तरी आठवले की पाण्याचा पाइप राहिलाच. एकदा तर मला उपटून थोडे पलीकडे रोवले. माझे मत विचारण्याची पद्धत इथे नाही.

मासळीच्या दुकानाच्या जागी थुई नावाच्या व्हिएतनामी बाईने बेकरी काढली. तिच्याकडे रोज सकाळी फोतिनीबाई येत. त्या मूळच्या ग्रीसच्या. समोरच्या कारखान्यात त्यांनी उमेदीची वर्षे काढली होती. म्हातारपणी त्यांची दृष्टी हळूहळू गेली, तरी पांढरी काठी घेऊन त्या एकट्या येत, पाव घेत आणि रस्ता ओलांडून चर्चच्या दालनात मैत्रिणींबरोबर कॉफी प्यायला जात.

"मावशी, आज उशीर?" थुई विचारी.

"उशीर कसला! तुझा पाव करपलाय, त्या वळणापासून वास येतोय. वासाच्या मागे मागे आले."

"करपला नाही हो, खरपूस झालाय!"

"मग खरपूस दुसऱ्या कुणाला दे. मला मऊ दे."

पावाचा वास आला की दुकान, तिथून माझी टकटक, आणि पलीकडे चर्चचा उतार. हीच त्यांची वाट होती.

एके दिवशी बेकरीही पाडली. तिच्या जागी सहा मजली इमारत उभी राहिली. थुई स्टेशनच्या पलीकडे गेली. नव्या इमारतीच्या तळमजल्यावर काचेचे असे दुकान आले की त्यात काय विकतात ते मला अजून कळलेले नाही, वास तर कसलाच येत नाही. पदपथावर मोठमोठ्या कुंड्या ठेवल्या, सायकली अडकवायच्या कमानी लावल्या. फोतिनीबाईंच्या वाटेवर आता फक्त मी उरलो.

त्यांचा मुलगा थानासिस शहराच्या पार टोकाला राहतो. एकदा तो माझ्या शेजारीच त्यांच्याशी हुज्जत घालत होता.

"आई, पुरे आता. आमच्याकडे चल."

"तुमच्याकडे पायी जायला काही आहे का? दारातून गाडीत, गाडीतून दारात. मी काय पार्सल आहे?"

"बरं. तू एकटी हा रस्ता ओलांडतेस तोवर मी गप्प. ज्या दिवशी जमणार नाही, त्या दिवशी सामान बांधायचं."

"ठरलं," त्या म्हणाल्या.

आता ऐका शहाण्यांचा शहाणपणा. नव्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर कॅलम नावाचा तरुण राहायला आला. विमानांचा आवाज अडवायला जाड काचा बसवलेले घर, आणि हा खिडकी उघडी टाकून झोपणार! विमाने त्याला चालली, टकटक चालेना. त्याने तक्रार केली. दोन दिवसांत एक माणूस आला, माझे पोट उघडले आणि आवाज बंद करून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोतिनीबाई आल्या. थांबल्या. कान दिला. काठी कुंडीवर आपटली, मग सायकलीच्या कमानीवर. मी हाताच्या अंतरावर होतो, मित्रांनो! इथे आहे, इथे, असे मनात ओरडत होतो. त्या तशाच पुढे गेल्या आणि पाऊल थेट रस्त्यावर पडले. गाडीने कचकन ब्रेक मारला. धडक बसली नाही, पण त्या गुडघ्यावर कोसळल्या.

कॉफी आणायला खाली उतरलेला कॅलम धावला. त्याने त्यांना उठवून माझ्यापाशी आणले.

"आजी, फार लागलं का?"

"आजी कुणाची? माझं नाव फोतिनी. इथली टकटक कुठे गेली?"

"ती होय? मीच बंद करवली. बिघडली होती. रस्त्यावर कुणी नसलं तरी वाजत बसायची."

तेवढ्यात वरून विमान गेले. दोघेही थांबले.

"बिघडली नव्हती रे बाबा," फोतिनीबाई म्हणाल्या. "मी येईपर्यंत वाजत राहायची."

कॅलमचा चेहरा पडला. "मी उद्यापासून रोज हात धरून तुम्हाला पलीकडे नेईन. खरंच नेईन."

"हात नको मला. आवाज परत दे."

त्याने तिथल्या तिथे फोन लावला. पण आवाज बंद करणे सोपे होते, सुरू करायला अर्ज, पाहणी आणि सहा आठवडे! माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही कपाळावर हात मारला असता, मला तर हातही नाहीत.

रविवारी थानासिस आला. गुडघ्यावरची पट्टी त्याला दिसलीच. फोतिनीबाईंनी सबबी सांगितल्या नाहीत, ठरले ते ठरले म्हणाल्या. गाडीत बसण्याआधी त्यांनी त्याला मला दाखवायला सांगितले. त्याने त्यांचा हात माझ्या बटणावर ठेवला. त्यांनी ते दाबले नाही.

"इतका जवळ होतास?" एवढेच त्या म्हणाल्या.

सहा आठवड्यांनी आवाज सुरू झाला. कॅलम आता वरून गुपचूप ऐकतो. मी दिवसभर टकटकतो, पण शहराच्या टोकापर्यंत काही माझा आवाज जात नाही.

तर मित्रांनो, नव्या घरात खुशाल राहायला जा, खिडक्या उघडा, झोपा. पण खाली काही वाजत असेल तर तक्रार करण्याआधी एका सकाळी जिना उतरून या आणि जरा उभे राहा. त्या आवाजाच्या मागे कोण चालत येते ते बघा. मग करा तक्रार, हिंमत असेल तर.